कचेरीतील संगणकजाळे : आधी आराखडा, मग तार



जून महिना उजाडला, की नाशिक जिल्ह्यातील पंधराही तालुक्यांच्या तहसील कचेऱ्यांचे रूप पालटते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांची घाई सुरू झालेली असते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला यांसाठी सकाळपासून रांगा लागतात. पेठ, सुरगाणा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत पाड्यावरून कचेरीपर्यंत यायचे आणि परत जायचे, यातच मजुरीचा एक दिवस खर्ची पडतो. अशा माणसाला खिडकीपलीकडून ‘नेट नाही, उद्या या’ हे चार शब्द ऐकावे लागले, तर त्याचा आणखी एक दिवस बुडतो, आणि प्रवेशाची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. त्या हक्काची अंमलबजावणी आज बऱ्याच अंशी एका तारेवर अवलंबून आहे.

‘नेट नाही’ या शब्दांमागे मात्र तीन वेगवेगळी कारणे असू शकतात. पहिला टप्पा कचेरीच्या इमारतीतला : टेबलावरील संगणकापासून मधल्या स्विचपर्यंत गेलेल्या तारा. दुसरा टप्पा इमारतीबाहेर जाणाऱ्या वाहिनीचा. तिसरा टप्पा मुंबईच्या किंवा दिल्लीच्या माहिती केंद्रात असलेल्या सर्व्हरचा. रांगेतील माणसाला हा भेद कोणी सांगत नाही, आणि पुष्कळदा खिडकीआडच्या लिपिकालाही तो ठाऊक नसतो. दुसरा व तिसरा टप्पा स्थानिक कचेरीच्या हाती नाही. पहिला मात्र सर्वस्वी तिच्याच हाती आहे, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो. या भाषणाचा विषय तो पहिला टप्पा आहे.

शासकीय कामात संगणकजाळ्याचा प्रवेश काही आजकालचा नव्हे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ साली झाली, आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रहाच्या साह्याने देशभरची जिल्हा मुख्यालये ‘निकनेट’ या जाळ्याने जोडली गेली. त्या काळी जिल्हाधिकारी कार्यालयात संगणकासाठी एक वातानुकूलित खोली असे, आणि तिच्यात पादत्राणे बाहेर काढून जावे लागे. पुढे मार्च २००५ मध्ये केंद्र शासनाने राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली. राज्याच्या राजधानीपासून जिल्ह्यापर्यंत आणि जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत किमान २ मेगाबिट क्षमतेची वाहिनी पोहोचवावी, असे त्या योजनेचे स्वरूप होते. महाराष्ट्रात हे जाळे ‘महास्वान’ नावाने उभे राहिले. २ मेगाबिट ही क्षमता आज हातातील साध्या फोनलाही अपुरी वाटेल. पण मुद्दा असा, की शासनाने गावाबाहेरचा रस्ता बांधला, आणि त्या रस्त्यापासून घराच्या ओसरीपर्यंतची वाट आखायचे काम ज्याच्या त्याच्यावर राहिले.

ती वाट अनेक ठिकाणी आखली गेलीच नाही. ती वाढत गेली. आधी चार संगणक आले, चार तारा टाकल्या. मग आठ आले. आठ खणांचा एक छोटा स्विच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पुढच्या वर्षी त्या स्विचला दुसरा जोडला, त्याला तिसरा. तारा पंख्याच्या दांडीवरून, दाराच्या फटीतून, कपाटामागून गेल्या. आज अशा कचेरीत शंभर माणसे काम करतात आणि कोणती तार कोठे जाते, हे ज्याला ठाऊक होते तो कंत्राटी तंत्रज्ञ केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो.

तेव्हा आराखडा म्हणजे काय, आणि तो कसा करावा?

पहिली गोष्ट मोजणीची. उदाहरणादाखल तीन मजल्यांची, दीडशे कर्मचाऱ्यांची एक कचेरी घ्यावी. प्रत्येक टेबलापाशी दोन तारा नेणे शहाणपणाचे ठरते. एक संगणकासाठी, दुसरी फोनसाठी, छपाईयंत्रासाठी, किंवा पहिली तुटलीच तर हाताशी असावी म्हणून. म्हणजे झाल्या ३००. त्यांत सुरक्षा कॅमेरे, हजेरीची यंत्रे, सामायिक छपाईयंत्रे आणि वाय-फायची उपकरणे मिळून ४० जोड धरावे. एकूण ३४० तारा. एका तारेची सरासरी लांबी ४० मीटर धरली, तर १३,६०० मीटर तार लागते. ही तार ३०५ मीटरच्या खोक्यांतून मिळते; म्हणजे ४५ खोकी.

येथे काटकसरीचा योग्य मार्ग कोणता, याबद्दल गैरसमज फार आहेत. पैसे वाचवायचे म्हणून तारा कमी घालतात आणि स्विच मात्र मोठे घेतात. वस्तुतः उलट करावयास हवे. भिंतीतली तार पंधरा-वीस वर्षे तेथेच राहते. ती पुन्हा घालायची म्हणजे छत उघडायचे, रंग खरवडायचा आणि आठवडाभर कामकाज विस्कळीत करायचे. स्विच पाच-सात वर्षांनी बदलावाच लागतो, आणि तो तासाभरात बदलता येतो. वरील कचेरीत ३४० तारा घातल्या, तरी पहिल्या दिवशी चालू लागतील ते जोड सुमारे १९० : दीडशे संगणक आणि ती चाळीस उपकरणे. त्यावर एक पंचमांश वाढ धरली, तर २२८, मजल्यागणिक ७६. म्हणजे प्रत्येक मजल्यावर ४८ खणांचे दोन स्विच पुरेसे झाले. उरलेल्या तारा पॅच पॅनेलपर्यंत आणून ठेवाव्यात. उद्या नवी शाखा आली, की एक स्विच वाढवून काम भागते.

कोणी विचारील, की आता सर्वत्र वाय-फाय असताना तारांचा हा खटाटोप कशाला? वाय-फायमध्ये एका उपकरणाशी जोडलेली सारी माणसे एकच हवा वाटून घेतात. माणसे वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो. शिवाय जुन्या कचेऱ्यांच्या दगडी भिंती पुष्कळ ठिकाणी हातभर जाडीच्या असतात, आणि त्या लहरींना दाद देत नाहीत. बैठकीच्या खोलीत, अभ्यागतांसाठी, दौऱ्यावरील अधिकाऱ्यांसाठी वाय-फाय जरूर असावे. ज्या टेबलावरून रोज दाखला निघतो, त्या टेबलाला मात्र तारच हवी.

दुसरी गोष्ट अंतराची. तांब्याच्या तारेतून हा संदेश खात्रीने जातो तो १०० मीटरपर्यंत. त्यांपैकी ९० मीटर भिंतीतली पक्की तार आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या लवचिक जोडतारा, असा संकेत आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर येथे कामाचे नाही. तार कोपरे वळते, छतापर्यंत चढते, पुन्हा टेबलापाशी उतरते. नकाशावरील ६० मीटर प्रत्यक्षात ८५ होतात. म्हणून प्रत्येक मजल्यावर मध्यभागी एक छोटी, कुलूपबंद जागा स्विचसाठी राखावी. ही जागा बहुधा सर्वांत शेवटी आठवते, आणि मग जिन्याखालचा कोनाडा किंवा प्रसाधनगृहालगतची भिंत तिच्या वाट्याला येते. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडचा पाऊस पाहिलेल्याला गळक्या छताखाली विद्युत उपकरण ठेवण्याचा परिणाम सांगायला नको. उंदरांचाही विचार करावा. तारेवरचे आवरण त्यांना प्रिय असते.

मजल्यामजल्यांना जोडणाऱ्या मुख्य वाहिनीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मोसम आणि पांझरा या नद्यांच्या काठी, म्हणजे बागलाण तालुक्यात व शेजारच्या धुळे जिल्ह्यात, फड पद्धतीची जुनी पाटबंधारे व्यवस्था आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेते. आणि शेवटच्या शेतालाही पाणी पोहोचेल, हे पाटकऱ्याने पाहायचे असते. पाट अरुंद असेल, तर चाऱ्या कितीही रुंद केल्या तरी टोकाचे शेत कोरडेच. संगणकजाळ्यातही नेमके हेच घडते. प्रत्येक टेबलापर्यंत सेकंदाला १ गिगाबिट क्षमतेची तार नेली आणि ७६ टेबलांचा तो मजला खालच्या मजल्याशी १ गिगाबिटच्याच एका जोडाने बांधला, तर सर्वांनी एकदम काम काढल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १३ मेगाबिट येतात. अर्ज भरायला तेवढे पुरेल. पण अभिलेख कक्षातील दोन माणसे जुन्या नस्त्या स्कॅन करून साठवू लागली, आणि त्याच जोडावरून कॅमेऱ्यांची चित्रे वाहू लागली, की टोकाचे शेत कोरडे पडते. यास्तव मजल्यांमधील जोड ऑप्टिकल फायबरचा आणि १० गिगाबिट क्षमतेचा असावा, आणि शक्य तर दोन निरनिराळ्या मार्गांनी दोन जोड असावेत. एकाच नळीतून नेलेले दोन जोड म्हणजे एकच जोड. नळी फुटली, की दोन्ही गेले.

आणि हे सारे केल्यावरही बाहेर जाणारी वाहिनी १०० मेगाबिटची असेल, तर १९० जोडांना तीच वाटून घ्यायची आहे. कचेरीतील क्षमता आणि बाहेरची क्षमता यांची गल्लत करून कित्येकदा नवे स्विच खरेदी होतात आणि तक्रार होती तशीच राहते. खरेदीपूर्वी जूनमधील एका गर्दीच्या दिवसाची मोजणी करावी. एरवीच्या निवांत मंगळवारी मोजलेले आकडे फसवे असतात. ज्या दिवशी अवकाळी पावसाचे पंचनामे एकदम भरायचे असतात, ज्या दिवशी मतमोजणीची माहिती वर पाठवायची असते, तो दिवस आराखड्याचे माप ठरवतो.

आता जाळ्याच्या विभागणीविषयी. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला एक क्रमांकाचा पत्ता असतो. सर्वसाधारण छोट्या मांडणीत एका गटात असे २५४ पत्ते बसतात. वरच्या उदाहरणातील १९० जोड त्यात मावतात खरे. परंतु कर्मचाऱ्यांच्या खिशातील फोन वाय-फायला जोडले जाऊ लागले, की एके दिवशी पत्ते संपतात, आणि दुपारी आलेल्या लिपिकाचा संगणक जाळ्यावर येतच नाही. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच गट पाडणे : महसूल शाखा निराळी, निवडणूक निराळी, लेखा निराळी, कॅमेरे निराळे, आणि अभ्यागतांचे वाय-फाय तर सर्वस्वी निराळे. तारा त्याच राहतात. स्विचमध्ये केलेल्या मांडणीने हे गट वेगळे होतात. यात सोय आहे तशी सुरक्षितताही आहे. बाहेरून आलेल्या माणसाच्या फोनला लेखा शाखेचे संगणक दिसण्याचे काहीच कारण नाही.

एका साध्या अपघाताची माहिती प्रत्येक कार्यालयप्रमुखाला असलीच पाहिजे. टेबलाखाली एक सुटी जोडतार लोंबत असते. साफसफाई करताना कोणीतरी सद्भावनेने तिचे मोकळे टोक जवळच्या स्विचच्या रिकाम्या खणात बसवतो. त्या तारेचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये असते. झाले! संदेश त्या वेटोळ्यात गोलगोल फिरू लागतात, दर फेरीला त्यांच्या प्रती वाढतात, आणि काही क्षणांत सारी इमारत ठप्प होते. कारण सापडायला अर्धा दिवस जातो, कारण बिघाड असा कोठेच झालेला नसतो. हे वेटोळे ओळखून तोडण्याची युक्ती राडिया पर्लमन या संगणकतज्ज्ञ स्त्रीने १९८५ मध्ये सिद्ध केली, आणि व्यवस्थापन करता येण्याजोग्या प्रत्येक चांगल्या स्विचमध्ये ती असते. फक्त ती चालू करावी लागते. बाजारातून आणलेल्या स्वस्त छोट्या स्विचमध्ये बहुधा ती नसते. याच जातीचा दुसरा अपघात म्हणजे घरचा वाय-फाय राउटर कचेरीत आणून जोडणे. तो आपल्या मर्जीने साऱ्यांना चुकीचे पत्ते वाटू लागतो. त्यालाही स्विचमध्येच अटकाव करता येतो. निविदेच्या अटींत या दोन ओळी आवर्जून लिहाव्यात.

या सगळ्या तंत्राचा उगम अर्धशतकापूर्वीचा आहे. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी एका जाड तारेवर अनेक संगणक जोडण्याची ‘इथरनेट’ ही पद्धत निर्माण केली. १९८३ मध्ये तिला प्रमाणपद्धतीचे रूप मिळाले. त्या पद्धतीत तार एकच असे, आणि तिच्यातला एक जोड सैल झाला, की साऱ्यांचे काम थांबे. १९९० नंतर मध्यभागी एक केंद्र आणि तेथून प्रत्येकाला स्वतंत्र तार, अशी मांडणी रूढ झाली. एकाच्या तारेचा दोष इतरांना भोगावा लागू नये, हा त्यातला लाभ. कट्ट्यावरच्या स्विचला दुसरा, दुसऱ्याला तिसरा जोडणारी कचेरी हा लाभ आपल्या हाताने गमावते.

वीज हा तर महाराष्ट्राच्या अनुभवाचा विषय आहे. पुष्कळ ठिकाणी संगणकांना यूपीएस असते आणि स्विच मात्र साध्या विजेवर असतो. दिवे गेले, की संगणक चालू, पण जाळे बंद! स्विचला लागणारी वीज अल्प असते. तिची तरतूद सर्वांत आधी व्हावी. कॅमेरे व वाय-फायची उपकरणे स्विचकडूनच तारेवाटे वीज घेत असतील, तर एका खणामागे १५.४ वॉटपर्यंत हिशेब धरावा. अशा २४ खणांना सुमारे ३७० वॉट लागतात, आणि यूपीएसची निवड त्या आकड्यावरून करावी. मृगाच्या आधीच्या वळवात विजा कडाडतात, तेव्हा दोन इमारतींना जोडणारी तांब्याची तार दोन्हीकडची उपकरणे जाळू शकते. इमारतींमध्ये अंतर अवघे तीस मीटर असले, तरी तेथे फायबरच घालावा. त्याच्या काचतंतूतून वीज वाहत नाही. विजेच्या तारा आणि संगणकाच्या तारा एका नळीत घालू नयेत, हे तर दरेक वायरमनला ठाऊक असते. घाईत तेच विसरले जाते.

आगीचाही विचार येथेच करावा. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील अनेक विभागांच्या नस्त्या भस्मसात झाल्या, आणि प्राणहानीही झाली. मजल्यांमधून जाणारी तारांची उभी पोकळी ही धुराला वर चढण्याची आयती वाट असते. ती प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक पदार्थाने बुजवली पाहिजे. कचेरीत स्थानिक सर्व्हर असेल, तर त्याची प्रत त्याच इमारतीत ठेवून समाधान मानू नये.

तारा घातल्या, दिवे लुकलुकू लागले, म्हणजे काम झाले असे समजून देयक मंजूर होते. तेथे थोडे थांबावे. तांब्याच्या नावाखाली वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी तार बाजारात विकली जाते. पहिल्या दिवशी तीही चालते. म्हणून निविदेत शुद्ध तांब्याची, ‘कॅट ६’ प्रतीची तार असे स्पष्ट शब्द असावेत, आणि प्रत्येक तारेचा चाचणी अहवाल, ३४० तारांचे ३४० अहवाल, देयकासोबत जोडलेले असावेत. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा नियम आहे, तो असू द्यावा. पण अटी मोघम असल्या, तर कमी दर हा बहुधा कमी तांब्याचा दर असतो.

महसूल खात्याच्या माणसाला नोंदवहीचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला सातबारा आहे, आणि हक्कातील प्रत्येक बदलाची नोंद गाव नमुना ६ मध्ये फेरफार म्हणून होते. तारेलाही असाच सातबारा हवा. तिच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक ठळकपणे लावलेला असावा : मजला, खोली, टेबल. त्या क्रमांकासमोर ती कोणत्या पॅनेलच्या कोणत्या खणात येते, तिच्यावर सध्या काय जोडले आहे, हे लिहिलेले असावे. टेबल हलले, माणूस बदलला, की त्याच दिवशी फेरफार. ही वही संगणकातच ठेवली, तर जाळे बंद पडेल त्या दिवशी ती उघडणार नाही. तिची एक कागदी प्रत रॅकच्या दाराला आतून लावलेली असावी.

राहता राहिला माणसांचा प्रश्न. प्रत्येक कचेरीत अभियंता नेमता येणार नाही. परंतु दोन लिपिकांना एका दिवसाच्या शिकवणीत एवढे येऊ शकते : बिघाड तीन टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यात आहे ते ओळखणे, जोडतार बदलून पाहणे, स्विचवरील दिव्यांचा अर्थ लावणे, आणि वाहिनी पुरवणाऱ्या संस्थेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेणे. दोघांना शिकवावे, कारण एक रजेवर असतो. ‘नेट नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘बाहेरची वाहिनी बंद आहे, तक्रार साडेदहाला नोंदवली आहे, बारा वाजेपर्यंत कळेल, तोवर तुमचा अर्ज व कागद तपासून ठेवतो’ असे खिडकीतून सांगता आले, तर सुरगाण्याच्या त्या माणसाला थांबायचे की परतीची एस.टी. धरायची, हे निदान ठरवता येईल.

स्विचच्या खोलीला कुलूप असावे, हे वर आलेच आहे. त्याच्या दोन किल्ल्या असाव्यात; एक आवक-जावक शाखेत आणि दुसरी रात्रीच्या पहारेकऱ्याकडे, सहीच्या वहीसह. साहेबांच्या खणात बंद असलेली किल्ली साहेब दौऱ्यावर गेले की मिळत नाही.